मिरगाआधी हे माप लिहून ठेवा : विहीर, डास, पाय आणि ताप

कुळागर

मिरग तोंडावर आलाय. पावसाचे पहिले आठ-पंधरा दिवस गेले की आपल्याकडे गोव्यात ठरलेल्या चार तक्रारी सुरू होतात. विहिरीचं पाणी गढूळ होतं, डास वाढतात, शेतात उतरणाऱ्यांच्या पायांची दैना होते आणि घरोघर कुणाला तरी ताप येतो. उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहेत: ब्लीचिंग टाका, पाणी साठू देऊ नका, पॅरासिटामॉल द्या. चुकतं ते माप. मूठभर ब्लीचिंग, चमचाभर औषध, ‘थोडा वेळ’ उकळलेलं पाणी, याने काही साधत नाही आणि कधीकधी उलटं होतं. म्हणून या धाग्यावर फक्त माप आणि कृती लिहूया. काय, किती, कधी, आणि कुठे बिघडतं.

सुरुवात विहिरीपासून करतो.

आधी विहिरीत पाणी किती आहे ते काढा. गोल विहिरीसाठी मीटरमध्ये मोजून: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५ = लिटर. खोली मोजायला दोरीला दगड बांधून सोडा. तळ लागला की ओढून घ्या आणि भिजलेला भाग मोजा. उदाहरणार्थ, व्यास अडीच मीटर आणि पाणी चार मीटर असेल तर २.५ × २.५ × ४ × ७८५, म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. चिऱ्याची विहीर खाली निमुळती असेल तर वरचा आणि खालचा व्यास मिळवून निम्मा करा. पाऊस सुरू झाल्यावर पाणी भराभर वर चढतं, तेव्हा मेमधलं माप जुलैत चालत नाही. दर वेळी दोरी टाकावीच लागते.

स्वच्छ पाण्याला चांगल्या ब्लीचिंग पावडरचं किमान माप १००० लिटरला अडीच ग्रॅम. वरच्या विहिरीला ५० ग्रॅम पुरतं. पाणी गढूळ असेल तर दुप्पट धरा, कारण माती आणि पालापाचोळाच निम्मं क्लोरीन खाऊन टाकतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पावडर कागदात मोजा, मुठीने नको.

कृती:

प्लास्टिकच्या बादलीत पावडर घ्या. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोडं पाणी घालून लापशीसारखं कालवा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं हलवू नका. खाली पांढरा चुना बसतो. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत अलगद ओता आणि तळाचा चुना माडाच्या अळ्यापासून लांब फेकून द्या. तो विहिरीत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो, जंतू काही मरत नाहीत. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात आणि पावडर थेट वरून भुरभुरवतात. ती तरंगते, कडेला चिकटते, खालच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही.

निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे जोरात हलवा, म्हणजे सगळीकडे मिसळेल. मग एक तास पाणी काढू नका. उत्तम वेळ रात्रीची, शेवटची कळशी भरून झाल्यावर. पंप लावलेल्या घरांनी त्या तासात पंपाचा स्विच बंद आहे ना ते बघावं. ऑटोमॅटिक लावलेला असतो आणि टाकी भरायला पंप आपोआप सुरू होतो.

---

बाल्कांव

कुळागर बाब, फार नेमकं लिहिलंत. दोन प्रश्न आहेत. आमच्या वाड्यावर काही विहिरींत ब्लीचिंग टाकलं की पाणी तांबूस होतं, मग लोक घाबरून टाकणंच बंद करतात. आणि ‘लाल औषध’ टाकलं तर चालेल का?

---

कुळागर

तांबूस होणं हे लोहामुळे. आपली जमीन जांभ्याची. पाण्यात विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही, क्लोरीन लागलं की त्याचा गंज होऊन ते दिसायला लागतं. रात्री टाकलंत तर सकाळपर्यंत बराच गाळ खाली बसतो. पिण्याचं पाणी दुपदरी सुती कापडातून गाळून घ्या. अशा विहिरीला क्लोरीन मात्र जास्त लागतं, कारण लोहही त्यातला वाटा घेतं. त्यामुळे माप वाढवायचं, बंद करायचं नाही.

लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, विहिरीला भरवशाचं नाही. रंग येतो, समाधान वाटतं, सगळे जंतू मरतात असं नाही.

तुरटीबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगतो. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. घागरीतल्या गढूळ पाण्यात खडा दोन-तीनदा फिरवा, तासभर ठेवा, वरचं पाणी वेगळं काढा आणि मग उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले म्हणजे उकळी आली असं नव्हे. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि दांड्याच्या ओगराळ्याने काढा. हात घालून पेल्याने काढलं की केलेली मेहनत वाया.

आणि एक. पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर वरचं माप लावू नका. आधी उपसा, गाळ काढणं, कठडा आणि आतल्या भिंती घासणं, मग मोठी मात्रा. ती मात्रा आरोग्य केंद्राच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरकडून ठरवून घ्यावी. तोवर ते पाणी पिऊ नये.

---

पागोळी

डासांवर लिहिते.

डेंग्यूचा डास, एडिस, अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या अंगाला चिकटवतो. काळी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. गेल्या पावसाळ्यात मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) मागे पडलेली बादली उन्हाळाभर सुकी होती म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्या सरीत ती भरली की तीच अंडी फुटतात. म्हणून पाणी ओतून देणं अर्धंच काम. आतून काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासायला हवं, आणि तेही पाऊस लागायच्या आत एकदा, मग दर आठवड्याला. अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्याचा वार ठरवा आणि तो मोडू नका.

आपल्याकडच्या जागा बघा: नारळाच्या करवंट्या, सुपारीच्या गळलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद सालं; कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तर शेकड्यांनी पडतात आणि होडीसारखं पाणी धरतात), लाकडांवर घातलेल्या ताडपत्रीच्या घड्या, जुने टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, तुळशीजवळचं तांब्याभर पाणी, गच्चीवरच्या टाकीचा उघडा ओव्हरफ्लो पाइप. पाइपाच्या तोंडाला डासांची जाळी तारेने बांधा. करवंट्या पालथ्या घाला किंवा चुलीत घाला. विऱ्या फाडून टाकल्या की पाणी धरत नाहीत.

हा डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळ होण्याआधी जास्त. दुपारी पाळण्यात झोपलेल्या मुलालाही मच्छरदाणी हवी.

मलेरियाचं गणित वेगळं. गोव्यातल्या शहरांत तो पसरवणारा मुख्य डास अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी. त्याला विहिरी, टाक्या आणि बांधकामावरचं साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. फक्त गटारात धूर मारून तो आटोक्यात येत नाही. वापरात नसलेल्या विहिरी हे त्याचं मोठं घर.

---

बाल्कांव

विहिरीत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले तर? आरोग्य केंद्रातून मिळतात म्हणे.

---

पागोळी

मिळतात आणि काम चोख करतात. पण ब्लीचिंग आणि गप्पी एकाच विहिरीत नांदत नाहीत. पिण्यासाठी लागतं तेवढं क्लोरीन मासे मारायला पुरेसं असतं. दुसरीकडे, तेवढ्या क्लोरीनने डासांच्या अळ्या मरतील या भरवशावरही राहू नका.

म्हणून वाटणी करा. पिण्याच्या विहिरीला ब्लीचिंग आणि वर घट्ट जाळी, रहाटाच्या दोरीपुरती फट, तीही फडक्याने बुजवलेली. न वापरत्या विहिरीत, बागेच्या टाकीत, कमळाच्या कुंडीत गप्पी. व्हाळात (ओढ्यात) किंवा तळ्यात मात्र ते सोडू नका, तिथले स्थानिक मासे मार खातात.

---

मेरेवरून

पायांवर कुणी लिहिलं नाही अजून.

लावणीच्या दिवसांत दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि त्या एकच समजल्या जातात. पहिली चिखल्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली बेचकी बघा: कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी फुगलेली, बोटाने ओढली की सुटते, खाली लाल ओली चीर, वास आणि खाज. ही बुरशी. संध्याकाळी पाय साबणाने धुवायचे आणि सुक्या सुती कापडाची पट्टी प्रत्येक बेचकीतून आरपार ओढून पुसायचं. टॉवेलने वरवर पुसून भागत नाही. रात्री बेचकीत कापसाचा बोळा. क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे. खाज आठ दिवसांत थांबते आणि लोक मलम सोडतात. मग महिन्याभरात चिखल्या परत. मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) टाचेच्या भेगांना छान, पण बेचकीत नको. तिथे तेलकटपणाने ओल कोंडते.

दुसरी गोष्ट लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदीर-घुशींच्या मुतातले जंतू वाफ्यातल्या पाण्यात असतात आणि जखमेतून किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून आत शिरतात. चिखल्याची चीर हे त्यांना उघडं दारच. म्हणून चिखल्या बऱ्या करणं हाही लेप्टोवरचा उपाय.

गमबूट सांगणं सोपं आहे, पण खोल चिखलाच्या वाफ्यात तो रुतून बसतो आणि पाय बाहेर येतो. बांधावरच्या, गोठ्याच्या, गटार उपसण्याच्या कामाला जरूर घाला. वाफ्यात उतरताना निदान जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, आणि पाच लिटरचा कॅन चांगल्या पाण्याने भरून बांधावर ठेवा. काम संपल्यावर तिथेच साबणाने पाय धुवा. व्हाळात धुतले तर त्याच पाण्यात परत बुडवल्यासारखं आहे.

---

फुलांजाळी

मेरेवरून बाब, डॉक्सीसायक्लिनचं सांगाल का? शेजारच्या गावात लोक दुकानातून पट्टी आणून घेतात.

---

मात्रा

याचं उत्तर मी देते, कारण यातही मापाचीच चूक होते.

लेप्टो होऊ नये म्हणून मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, जोखमीचं काम चालू असेपर्यंत, साधारण सहा आठवड्यांपर्यंत. बाजारातली कॅप्सूल बहुधा १०० ची असते. कुणी एकच घेतो, ती कमी पडते. कुणी रोज घेतो, त्याचं पोट बिघडतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विचारूनच घ्यावी. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना नको. जेवल्यावर, पेलाभर पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं पडायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे फोड येतात आणि आठवडाभर गिळता येत नाही. दूध, लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं औषध दोन तास लांब ठेवा.

आणि गोळी घेतली म्हणजे लेप्टो होणारच नाही असं समजू नये. शेतात उतरल्यापासून महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दाबल्या की कळ येते, डोळे लाल झालेत, लघवी कमी होतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि ‘मी वाफ्यात काम करतो’ हे आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. डोळे पिवळे व्हायची वाट पाहणं महागात पडतं.

गजकर्णाबद्दलही लिहिते. कमरेला, जांघेत गोल चट्टा, कडा लाल आणि मधला भाग निवळलेला. यावर मलम आणताना ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणूनच ही मलमं गावभर फिरतात. आत बुरशी मात्र मोकाट वाढते, चट्टा पसरतो, कडा पुसट होतात आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. नुसतं बुरशीचं मलम घ्या, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावा आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. आतले कपडे दमट असतील तर इस्त्री करून घाला. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

---

पागोळी

मात्राताई, तापाचंही लिहा. मुलांच्या औषधात सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

---

मात्रा

लिहिते, आणि हे लांबलं तरी चालेल, कारण इथली चूक जिवावर बेतते.

लहान मुलाला पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता सरळ इस्पितळात.

आता बाटल्या. एकाच नावाचं औषध तीन ताकदींत येतं: ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅमचं सिरप, ५ मिलीमध्ये २५० चं सिरप, आणि थेंब, ज्यात १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम हवं. म्हणजे पहिल्यातलं ५ ते साडेसात मिली, दुसऱ्यातलं अडीच ते साडेतीन मिली, थेंबांतलं फक्त सव्वा ते पावणेदोन मिली. थेंबांची बाटली ‘सिरपच आहे’ समजून कुणी ५ मिली पाजलं तर एका झटक्यात ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, मुलाच्या मापाच्या तिप्पट-चौपट. असं दोन-तीनदा झालं तर यकृताला धोका. घरात एकच ताकद ठेवा, बाटलीवर मुलाचं वजन आणि मिली मार्करने लिहा, आणि सोबत आलेलं टोपण किंवा पिचकारीच वापरा. स्वयंपाकघरातला चमचा कुणाचा पाचचा, कुणाचा आठचा.

मोठ्यांना ५०० किंवा ६५० ची गोळी, सहा तासांनी, दिवसात एकूण ३ ग्रॅमच्या आत ठेवणं बरं. सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, ते धरून हिशेब करा. रोज फेणी घेणाऱ्यांनी २ ग्रॅमच्या वर जाऊ नये.

पावसाळ्यातल्या तापात रक्ततपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. अंग फार दुखतं म्हणून लोक पेनकिलर मागतात, पण डेंग्यू निघाला तर त्यानेच रक्तस्राव वाढतो. (हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.)

तपासणी कधी? डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). सहाव्या-सातव्या दिवशी नुसतं एनएस१ करून ‘डेंग्यू नाही’ म्हणणं फसवं. मलेरियासाठी रक्त पहिल्याच दिवशी द्या, आरोग्य केंद्रात ते मोफत तपासतात.

डेंग्यूत सगळ्यात धोक्याचे दिवस ताप उतरल्यावर येतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे म्हणतात बरं झालं, आणि नेमकं तेव्हाच पोटात सतत दुखणं, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, हातपाय गार, गुंगी यांपैकी काही दिसतं. एकही दिसलं तर १०८. लघवी सहा तासांत एकदाही झाली नाही तर तेही चिन्हच.

प्यायला उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, शहाळं, ओआरएस. कोकमाचं सरबत एरवी उत्तम, पण डेंग्यूत काही दिवस टाळा. उलटी लाल झाली तर रक्त आहे की भिरंड (कोकम), हे कळायला हवं. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना लांबवू नका.

---

फुलांजाळी

ओआरएसचं माप मी जोडते. मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी, छोटं म्हणजे २०० मिली. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचायचं. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर मिठाचं प्रमाण इतकं वाढतं की मूल आणखी सुकतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही नको, पावडर सारखी मिसळलेली नसते. कालवलेलं २४ तासांनी फेका. जुलाब झाला की दर वेळी दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. डॉक्टर १४ दिवस झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी पूर्ण करा.

पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून आणू नका. त्यात साखर फार असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, कारण त्या नावाने लोकांची दिशाभूल होते.

---

मेरेवरून

मच्छरदाणीवरून एक राहिलं. जमिनीवर झोपणाऱ्यांनी ती चटईखाली चारही बाजूंनी खोचावी. मण्यार रात्री घरात शिरते, झोपेत चावते आणि चावा जेमतेम जाणवतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. जखम दिसत नसली तरी सरळ इस्पितळ. साप चावल्यावर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं काही नको. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८.

---

बाल्कांव

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचं विचारतो. विहिरीत क्लोरीन पुरेसं झालं हे कळायचं कसं? आणि उरलेली पावडर किती दिवस टिकते?

---

कुळागर

एक तासानंतर ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन हे द्रावण घालून पाण्यातलं क्लोरीन रंगावरून बघायचं. किट आरोग्य केंद्राच्या बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांकडे असतं. बादली खोलवर सोडून मधलं पाणी काढा, नळी खुणेपर्यंत भरा, १ मिलीला ०.१ मिली या हिशेबाने ओटीचं द्रावण घाला आणि हलवा. पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत तक्त्याशी जुळवा. मोकळं क्लोरीन तेवढ्यातच कळतं. पंधरा मिनिटांनी बघाल तर रंग गडद दिसेल, पण तो सगळं क्लोरीन मिळून. लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवं. रंगच आला नाही तर निम्मं माप आणखी घालून, तासाभराने परत बघा. चाचणीचं पाणी ओतून द्या, विहिरीत किंवा कळशीत परत नको.

पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी. पत्र्याचा डबा गंजतो. फुटलेली २५ किलोची गोणी पडवीत ठेवली तर पावसाळी हवेत तिचा जोर झपाट्याने जातो, तेव्हा अर्धा-एक किलोच आणा. गुठळ्या झाल्यात आणि झाकण उघडल्यावर नाकाला झोंबत नाही, तर ती विहिरीला वापरू नका. संडास धुवायच्या अ‍ॅसिडपासून लांब ठेवा. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू सुटतो.